घाटात रात्री डिपर फार मंद पडतो: बल्ब बदलावा, एलईडी बसवावा की वायरिंग तपासावे?

प्रश्न
मलकापूर_ते_पाली

नमस्कार मंडळी.

माझी गाडी २०११ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची छोटी हॅचबॅक आहे आणि ती आजवर ९४,००० किलोमीटर चालली आहे. मी कोल्हापुरात नोकरी करतो, आईवडील रत्नागिरीजवळ गावी असतात. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी शुक्रवारी कामावरून सुटल्यावर बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली अशी वाट धरतो आणि घाट नेमका रात्री नऊ-दहाच्या सुमारास लागतो. इंजिन, ब्रेक, टायर यांची काळजी मी वेळच्या वेळी घेत आलो आहे. तक्रार आहे ती पुढच्या दिव्यांची. अप्पर (दूरचा झोत) लावला की निभावते, पण समोरून वाहन आले आणि डिपर (खाली वळलेला झोत) दिला की रस्त्याचा अंदाजच लागेनासा होतो.

गेल्या महिन्यात घाट उतरताना रिमझिम पाऊस होता. एका वळणावर समोरून ट्रक आला म्हणून मी डिपर दिला. ट्रक निघून गेला आणि डाव्या कडेने काळी छत्री घेऊन चाललेले एक वृद्ध गृहस्थ मला जेमतेम वीस पावलांवर दिसले. वेग तीसच्या आत होता म्हणून गाडी थांबली. त्यांना काही झाले नाही, ते आपल्या वाटेने निघूनही गेले. पण त्या रात्रीनंतर मी अंधार पडल्यावर घाट उतरलेलो नाही, शनिवारी पहाटे निघतो.

आतापर्यंत केलेले उपाय असे. दोन्ही बल्ब नवे घातले, चांगल्या कंपनीचे, मूळच्याच एच-४ प्रकारचे, ६०/५५ वॅटचे (अप्परला ६०, डिपरला ५५). फरक जाणवला नाही. बॅटरी दोन वर्षांची असून सकाळी गाडी एका हाकेत सुरू होते. डावा दिवा उजव्यापेक्षा पिवळट दिसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात आली: गाडी जागेवर उभी असताना रेडिएटरचा पंखा सुरू झाला की दोन्ही दिवे क्षणभर बसतात आणि मग सावरतात. दिव्यांच्या काचाही आता पूर्वीसारख्या स्वच्छ राहिलेल्या नाहीत.

एका गॅरेजमध्ये शंभर-नव्वद वॅटचे बल्ब टाका म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी एलईडीचा संच बसवा म्हणाले. दोघांनीही मीटर लावून काही पाहिले नाही, त्यामुळे मन तयार होत नाही. कोणी हा त्रास मुळापासून सोडवला असेल तर क्रमाने सांगावे, ही विनंती.


धुके_आणि_वळण

मी तुमच्याच जागी होतो आणि एलईडी बसवून बसलो, म्हणून माझा अनुभव आधी सांगतो. माझ्या गाडीच्या दिव्यातही साधा रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा चकचकीत परावर्तक, आहे. संच बसवला त्या रात्री घराच्या फाटकासमोर लख्ख उजेड पडला आणि पैसे सत्कारणी लागले असे वाटले. आंबोलीत धुके लागले तेव्हा मात्र समोर पांढरी भिंत उभी राहिली, आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा बॉनेटच्या पुढचे दहा-पंधरा पावलांचे पटांगण तेवढे उजळ दिसून त्यापलीकडचे सगळे पूर्वीपेक्षा काळे वाटू लागले. समोरून येणारे दर दुसरे वाहन मला अप्पर मारून इशारा देत होते, आणि मी तर डिपरवरच होतो.

दुसरे नुकसान उशिरा कळले. एलईडीच्या मागे पंख्याचा लांब बुंधा असतो, त्यामुळे बल्बमागची रबरी टोपी बसेना. बसवणाऱ्याने ती काढून डिकीत टाकून दिली. एका पावसाळ्यात दिव्याच्या आत बाष्प धरले आणि रिफ्लेक्टरवर डाग उठले. शेवटी संपूर्ण दिवा बदलावा लागला. तुमचे मन तयार होत नाही ते योग्यच आहे.


तारजोड

मी साताऱ्याजवळ गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, या धंद्यात मला अठरा वर्षे झाली. तुमच्या वर्णनात निदान जवळपास आलेलेच आहे. नवे बल्ब घालूनही फरक पडत नाही, एक दिवा दुसऱ्याहून पिवळट आहे आणि पंखा लागला की दिवे बसतात. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर बल्बपर्यंत वीज पुरती पोहोचत नाही असे मी आधी गृहीत धरतो आणि मग मीटरने खात्री करून घेतो.

तुमच्या वयाच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या दिव्यांना रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, दिलेला नसतो. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज बॉक्समधून स्टेअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचपर्यंत येते, तिथल्या लहानशा तांब्याच्या टिकल्यांतून जाते आणि परत पुढे बोनेटखाली बल्बपर्यंत पोहोचते. दोन्ही डिपरचा मिळून जवळपास दहा अँपिअर प्रवाह त्या टिकल्यांतून आणि बारीक तारेतून वर्षानुवर्षे वाहतो. टिकल्या काळ्या पडतात, होल्डर सैल होतात, अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या जोडाच्या, बोल्टखाली गंज धरतो. या सगळ्यांचा मिळून रोध ०.२ ओहम झाला तरी दहा अँपिअरला दोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात.

दोन व्होल्ट म्हणजे किती, हे ऐकल्यावर बहुतेक गिऱ्हाइकांना खरे वाटत नाही. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. एच-४ बल्बचा उजेड १३.२ व्होल्टला मोजलेला असतो, त्याला ११.९ व्होल्टच मिळाले, म्हणजे दहा टक्के कमी मिळाले, तर उजेड तीस टक्क्यांनी घटतो आणि रंगही पिवळा पडतो. म्हणून नवा बल्ब घालून काही मिळाले नाही. उपाशी माणसाला नवे कपडे घातल्याने अंगात ताकद येत नाही, तसेच हे.

आता मोजणी कशी करायची ते सांगतो, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. होल्डर बल्बवरून काढून त्यात मीटरच्या सुया खुपसल्या तर मीटर पूर्ण बॅटरीचे व्होल्टेज दाखवतो आणि वायरिंग उत्तम आहे असा समज होतो. प्रवाह वाहत नसला की तूटही पडत नाही. त्यामुळे बल्ब जोडलेला, डिपर पेटलेला आणि इंजिन सुरू असतानाच मोजावे. होल्डरच्या मागून, तार जिथे आत शिरते तिथून, बारीक सुई किंवा टाचणी हलकेच सरकवून पितळी पट्टीला टेकवावी. मग मीटर वीस व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून चार आकडे लिहून घ्यावेत. पहिला बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधला. दुसरा बल्बच्या डिपरच्या (प्लस) आणि अर्थिंगच्या पायांमधला. तिसरा बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लस पायापर्यंतचा, कारण हीच प्लस बाजूची तूट. चौथा बल्बच्या अर्थिंगच्या पायापासून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा, ही अर्थिंगची तूट. हे चारही आकडे डाव्या आणि उजव्या बल्बचे वेगवेगळे घ्या आणि इथे कळवा. आकड्यांवाचून मी तुम्हाला एक पैही खर्च करायला सांगणार नाही.

एक सूचना राहिली. काही गाड्यांत उलटी पद्धत असते: बल्बच्या, अप्पर-डिपर दोन्हींच्या सामाईक पायावर प्लस कायम असतो आणि स्विच अर्थिंग जोडतो. तुमची गाडी तशी असेल तर बाजारातला साधा रिले संच तिला चालत नाही. सामाईक पाय प्लसला आहे की अर्थिंगला, हेही पाहून ठेवा.


मलकापूर_ते_पाली

तारजोड दादा, मनापासून आभार. रविवारी सकाळी शेजारच्या मुलाकडून मल्टिमीटर आणला आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोजले. इंजिन जागेवर, एसी बंद, डिपर चालू. बॅटरीवर १४.० व्होल्ट. डाव्या बल्बवर ११.८ व्होल्ट; त्यात प्लस बाजूची तूट १.३ आणि अर्थिंगची ०.९. उजव्या बल्बवर १२.३ व्होल्ट, प्लसची तूट १.३ आणि अर्थिंगची ०.४. सामाईक पाय अर्थिंगलाच आहे, म्हणजे उलटी पद्धत नाही.

डावा होल्डर बाहेर काढला तेव्हा त्याचे प्लॅस्टिक एका कडेने तपकिरी होऊन फुगलेले दिसले आणि आतली एक पितळी पट्टी निळसर पडली आहे. उजवा होल्डर बरा आहे. डाव्या दिव्याच्या अर्थिंगची तार बॅटरीच्या खणाखाली, आतल्या पत्र्याला एका बोल्टने बसवलेली सापडली. तिथे बॅटरीतून झिरपलेल्या ॲसिडची पांढरी-हिरवी बुरशी होती आणि बोटाने हलवल्यावर तारेचा डोळा (टोकाची गोल कडी) बोल्टभोवती फिरत होता.


तारजोड

म्हणजे दुखणे दोन जागी आहे आणि त्यातले एक फुकटात बरे होणारे आहे. आधी तोच बोल्ट हाती घ्या. बॅटरीचा मायनस सोडवा, खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने ती बुरशी धुऊन काढा, पत्रा वॉटर पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, तारेला नवा डोळा प्रेस करून घ्या, बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली सांधा आवळल्यानंतर वरून लावायची असते. आधी माखून मग बोल्ट बसवू नये. उजव्या बाजूचा बोल्टही त्याच खेपेला साफ करा. डावा होल्डर मात्र फेकून द्या आणि सिरॅमिकचा नवा घ्या. एकदा तापून सैल झालेली पट्टी पुन्हा पकड धरत नाही, ती नव्या बल्बचे पायही जाळते.

त्यानंतर राहते ती प्लस बाजूची १.३ व्होल्टची तूट. ती दोन्ही बाजूंना सारखीच आहे, म्हणजे रोध दोघांच्या सामाईक वाटेत, स्विच आणि तिथपर्यंतच्या तारेत आहे. इथे रिले घालणे हाच खरा उपाय. रिलेमुळे स्विचवर फक्त रिलेच्या गुंडाळीचा भार उरतो, तो अर्ध्या अँपिअरच्याही बराच आत असतो, आणि बल्बचा प्रवाह बॅटरीवरून जाड तारेने थेट बल्बला मिळतो. चार पायांच्या रिलेवर आकडे कोरलेले असतात: ३० ला बॅटरीची तार, ८७ ला बल्बकडे जाणारी, ८५ ला अर्थिंग आणि ८६ ला जुन्या होल्डरमधून येणारा इशारा. डिपरचा एक आणि अप्परचा एक, असे दोन रिले लागतात.

बाजारात तयार संच मिळतो. तो घेताना तारेच्या जाडीला भुलू नका. वरचे आवरण जाड आणि आत तांबे मोजके, असे संच सर्रास विकले जातात. बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून बल्बपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असावी. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण फ्यूजच्या अलीकडे तार कुठे घासून उघडी पडली तर तिला आवरणारे काहीच नसते. डिपरला आणि अप्परला प्रत्येकी १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज ठेवा. दोघांना मिळून एकच फ्यूज दिलेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. तो घाटात उडाला तर पुढचे सगळे दिवे एकदम जातात.

रिले बसवताना त्याचे पाय जमिनीकडे राहतील असा बसवा, म्हणजे पावसाचे पाणी आत साठत नाही. तार एक्झॉस्टपासून दूर न्या, वरून नळीदार आवरण घाला आणि दर वीतभरावर पट्टी बांधा. मूळ वायरिंग कुठेही कापावी लागत नाही, जुना होल्डर संचाच्या टोकात बसतो. कधी जुन्या पद्धतीवर यायचे झालेच तर दहा मिनिटांचे काम असते.


काचपुसणी

विजेचे निदान तारजोड यांनी अचूक केले आहे, पण माझ्या अनुभवाप्रमाणे ते काम पूर्ण झाल्यावरही तुमची निम्मी तक्रार राहील. मी गेली काही वर्षे ठाण्यात दिव्यांच्या काचा उजळण्याचे काम करते आणि चौदा-पंधरा वर्षांच्या गाड्यांत काच आणि दिव्याचा रोख या दोन गोष्टी बिघडलेल्या नाहीत असे क्वचितच आढळते.

आपण काच म्हणतो ती पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावर कारखान्यात एक कठीण, पारदर्शक थर दिलेला असतो. उन्हातील अतिनील किरणांनी तो थर करपतो, पिवळा पडतो, तडकतो. टूथपेस्टने घासल्यावर जी चमक येते ती दोन-तीन आठवडेच टिकते, कारण तडकलेला थर तिथेच राहतो. तो पूर्ण उतरवावा लागतो. पाणी मारत मारत वॉटर पेपर आधी ८००, मग १५००, २००० आणि शेवटी ३००० नंबरचा फिरवायचा. पहिल्या टप्प्यात काचेवरून दुधासारखे पिवळट पाणी ओघळते, तो जुना थर निघत असतो. ते पाणी निव्वळ पांढरे येईपर्यंत थांबायचे नाही. प्रत्येक नंबराला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. मग पॉलिश, आणि त्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा क्लिअर कोट. हा शेवटचा टप्पा गाळला तर उघडी पडलेली काच काही महिन्यांतच पहिल्यापेक्षा वाईट पिवळी पडते. भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावायला विसरू नका. धूसरपणा काचेच्या आतल्या बाजूला असेल किंवा रिफ्लेक्टरच काळवंडला असेल तर मात्र घासण्याचा उपयोग नाही, दिवा बदलावा लागतो. रिफ्लेक्टरला आतून फडक्याने पुसायचा मोह आवरावा. त्यावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा इतका पातळ असतो की फडक्याबरोबर निघून येतो.

आता रोखाविषयी. टायरमध्ये हवा बरोबर, टाकीत निम्मे पेट्रोल, चालकाच्या जागेवर एक माणूस आणि डॅशबोर्डवर दिव्याची उंची बदलण्याचा स्विच असेल तर तो शून्यावर, अशी गाडी सपाट जागेवर भिंतीपासून बरोबर दहा मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीला टेप लावा. डिपरच्या उजेडाची वरची कड या टेपच्या दहा ते बारा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे, आणि डाव्या हाताला ती थोडी वर चढत गेली पाहिजे, कारण आपण डावीकडून वाहन चालवतो आणि कडेचा माणूस त्याच चढत्या उजेडात दिसतो. अनेक गाड्यांच्या दिव्याजवळ १ टक्का किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो, तो याच उताराचा: दहा मीटरला दहा सेंटिमीटर म्हणजे एक टक्का. दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल आणि उतार एक टक्का असेल तर उजेड ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. तोच उतार दोन टक्के झाला तर साडेबत्तीस मीटरवरच संपतो. ताशी साठच्या वेगाने गाडी साडेबत्तीस मीटर दोन सेकंदांत ओलांडते. यात बल्ब बदललेला नाही, वायरिंग बदललेले नाही, फक्त एक स्क्रू फिरला आहे.

तुम्ही पावसाचा उल्लेख केला आहे, म्हणून आणखी एक सांगते. ओले डांबर आरशासारखे वागते. आपला उजेड आपल्याकडे परत न येता पुढे सरकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिवे कितीही सुधारले तरी ओल्या रात्री कोरड्या रात्रीइतके दिसणार नाही, ही मर्यादा मनाशी धरूनच वेग ठेवावा. पुढची मोठी काच आतूनही पुसून घ्या. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून निघणारी वाफ तिच्यावर तेलकट पडदा धरते आणि समोरच्या दिव्याचा उजेड त्या पडद्यावर विखुरतो.


जुना_परवाना

शंभर-नव्वदच्या बल्बविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५५ वॅटच्या जागी ९० वॅट घातले तर त्याच तारेत, त्याच स्विचमध्ये जवळपास अडीचपट उष्णता होईल. आणि तुमचा होल्डर तर मूळच्या बल्बनेच फुगला आहे. रिले घालूनही हे बल्ब वापरू नयेत, कारण रिफ्लेक्टर आणि काच त्या उष्णतेसाठी बनवलेले नसतात.

एलईडी अशा दिव्यात का चालत नाही, याचे कारणही सांगायला हवे. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या तापून उजळणाऱ्या तारेखाली (फिलामेंटखाली) पत्र्याची लहानशी वाटी असते. ती वाटी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही, आणि भिंतीवर जी स्वच्छ कड दिसते ती त्या वाटीमुळे आणि तारेच्या नेमक्या जागेमुळे तयार होते. एलईडीच्या पट्टीवर चिप दोन बाजूंना बसवलेल्या असतात. तारेच्या जागी, तारेच्या आकाराचा आणि चहूबाजूंनी सारखा उजेड त्यांच्याकडून मिळत नाही. त्यामुळे कड पुसट होते, थोडा उजेड वर उधळतो आणि बराचसा जवळच पडतो. धुके_आणि_वळण यांना दूरचे काळे का वाटले, याचे उत्तर इथेच आहे: जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि दूरचा मंद उजेड टिपता येत नाही.

कायद्याची बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल होईल असा फेरफार करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंडाची, सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे. दंडापेक्षा मला केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम महत्त्वाचा वाटतो. आठ मीटरवर उभ्या असलेल्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही इतका झोत खाली वळलेला असावा, असे तो सांगतो. घाटात समोरून येणाऱ्या चालकाच्या एका बाजूला दरी असते. त्याला तीन सेकंद काही दिसले नाही तर काय होईल, हा विचार दिवे निवडताना आपण करायलाच हवा.


मलकापूर_ते_पाली

सर्वांना नमस्कार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण प्रत्येक काम झाल्यावर रात्री एक फेरी मारून मगच पुढचे काम हाती घेतले.

आधी अर्थिंग. दोन्ही बोल्ट साफ केले, डाव्या तारेला नवा डोळा बसवला, होल्डर बदलला. अर्थिंगची तूट दोन्हीकडे ०.१ वर आली. प्लसची तूट मात्र १.३ वरून १.४ झाली, आधी घाबरलो, मग ध्यानात आले की अर्थिंग सुधारल्याने प्रवाहच किंचित वाढला आहे. बल्बवर १२.५ व्होल्ट मिळू लागले आणि दोन्ही दिवे एकसारखे दिसू लागले. एवढ्या कामाला फक्त होल्डरचे आणि डोळ्याचे पैसे लागले.

नंतर रिले. ओळखीच्या वायरमनकडून तार माझ्यासमोर सोलून, तांबे पाहून घेतली आणि संच त्यांच्याकडूनच बनवून घेतला. आता प्लसची तूट ०.२ आहे आणि बल्बवर १३.७ व्होल्ट. डाव्या बल्बला आधी ११.८ मिळत होते. तारजोड दादांनी दिलेल्या घाताने गणित केले तर त्याचा उजेड मूळच्या दीडपटीहून जास्त वाढला आहे, आणि डोळ्यांनाही तसेच जाणवते. रेडिएटरचा पंखा लागला तरी दिवे आता जागचे हलत नाहीत.

काचपुसणी ताई, तुमचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. सोसायटीच्या भिंतीसमोर दहा मीटर मोजून गाडी लावली, तेव्हा डाव्या दिव्याची कड टेपच्या अकरा सेंटिमीटर खाली होती आणि उजव्याची तब्बल तीस. माझ्या दिव्याची उंची ६६ सेंटिमीटर आहे. म्हणजे उजवा दिवा बावीस मीटरवरच जमिनीत शिरत होता. तीन वर्षांपूर्वी पुढचा बंपर बदलला तेव्हा तो दिवा काढून परत बसवला होता, तेव्हापासून मी तसाच चालवत होतो. मागचा प्लॅस्टिकचा स्क्रू फिरवताना भिंतीवरची ती कड हळूहळू वर सरकताना पाहिली, आणि मला त्या छत्रीवाल्या आजोबांची आठवण झाली. काचाही घासून क्लिअर कोट मारून घेतल्या. पिवळे पाणी पांढरे व्हायला एका दिव्याला पाऊण तास लागला.

या शुक्रवारी रात्री घाट उतरलो. पाऊस नव्हता, रस्ता ओलसर होता. समोरून एसटी आली, मी डिपर दिला आणि एसटी शेजारून जात असतानाही डाव्या कडेचा पांढरा पट्टा, त्यापलीकडचा कठड्याचा दगड आणि पुढच्या वळणाची पाटी मला दिसत राहिली. एसटीच्या चालकानेही मला अप्पर मारला नाही.

एक शंका उरली आहे. १३.७ व्होल्टने बल्बचे आयुष्य कमी होईल का?


तारजोड

होईल. बल्बचे आयुष्य व्होल्टेज थोडे वाढले तरी झपाट्याने घटते, त्यामुळे पूर्वीइतकी वर्षे तो टिकणार नाही. म्हणून एक जोड बल्ब आणि दोन फ्यूज नेहमी गाडीत ठेवा, आणि बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल तापलेल्या काचेवर डाग धरते आणि बल्ब तिथूनच जातो. मागची रबरी टोपी दर वेळी नीट बसल्याची खात्री करा.

महिनाभराने एकदा, अर्धा तास दिवे पेटते ठेवल्यावर, रिलेचे पाय, फ्यूजचा होल्डर आणि दोन्ही बल्बचे होल्डर हाताने चाचपून पाहा. कुठे बोट ठेवता येणार नाही इतके गरम लागले तर तो सांधा नीट प्रेस झालेला नाही, तो त्याच दिवशी पुन्हा करून घ्या. बॅटरीच्या खणाखालच्या त्या बोल्टवर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकदा नजर टाकत जा.